उदयसिंहच्या नावातली वेलांटी

"मेला की काय हा आकाराम!"

आपण पुटपुटलो, असं नंदिनीला वाटलं. पण कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्या भाड्याच्या टेबलांच्या हॉलमध्ये तिचा आवाज चांगलाच घुमला. शेजारच्या टेबलाचा खण रिकामा करणारा एक तरुण जागीच थांबला.

"व्हय," तो म्हणाला. "गेल्या वर्षी, दिवाळीच्या आधी."

तिला आधी काही कळेचना. मग त्याच्या हातातलं ओळखपत्र दिसलं. त्यावर एक हसरा चेहरा होता आणि खाली नाव – आकाराम.

"माझा थोरला भाऊ. ह्ये त्याचं टेबल हुतं. सामान घिऊन जावा म्हणून फोन आलता."

चार वह्या आणि एक चार्जर पिशवीत टाकून तो जिना उतरून गेलासुद्धा. नंदिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. छत्री न घेताच ती धावली. बाहेर ऑगस्टची झड लागली होती, दिवसाउजेडी अंधारून आलं होतं.

"पावणं... अहो, थांबा ना! चुकलं माझं. मला खरंच माहीत नव्हतं. चार दिवस मेल करतेय मी त्यांना..."

"दादाला? कशापायी?"

वळचणीला उभं राहून तिनं सांगितलं. तिची कंपनी गावोगावच्या दूध संस्थांसाठी प्रोग्राम बनवायची. तो ज्या संगणकभाषेत लिहिला होता, त्या पायथनची नवी आवृत्ती ऑक्टोबरात येणार होती. तिच्या चाचणी आवृत्तीवर आपला प्रोग्राम आधीच चालवून बघायचं काम नंदिनीकडे होतं. बाकी सगळं चाललं, अडलं ते एका छोट्या लायब्ररीपाशी, कुणीही वापरावा अशा तयार कोडपाशी. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी नावं ती आजच्या अक्षरांत आणायची. लिहिणारा आकाराम. 'मागच्या आवृत्तीपर्यंतच चालेल' अशी अट त्यानं घातली होती. नंदिनीनं अट काढली, तर नव्या पायथननं जुनी दोन-तीन फंक्शनं काढून टाकलेली, त्यामुळं ती लायब्ररी तयारच होईना. आणि तिच्या जिवावर आणखी तीन लायब्रऱ्या उभ्या होत्या.

"म्हंजे दादाचं काम अजून कोण वापरतंय?"

"आमच्याच सहाशे गावांत. रोज सकाळी."

"आमी त्याला हसायचो," तो हळूच म्हणाला. "काय दिवसभर टकटक करतोस म्हणून..."

दुसऱ्या नावानं नवी प्रत काढ, असं ऑफिसनं तिला सांगितलं होतं. पण त्या तिन्ही लायब्रऱ्या जुन्याच नावाला शोधत येणार होत्या, आणि त्या नावानं प्रत काढायची किल्ली, म्हणजे पासवर्ड, आकारामच्या लॅपटॉपमध्ये होती. लॅपटॉप पेठ वडगावात, घरी.

"आई त्याला कुणाला हात लावू दीत न्हाय," तो म्हणाला. "पर... इचारतो. मी उदयसिंह."

रविवारी नंदिनी वडगावला गेली. घरामागं उदयसिंहची ऊसरोपांची नर्सरी होती. त्याच्या आईनं, अंबूबाईंनी, लॅपटॉप तिच्यापुढं ठेवला आणि त्या उंबऱ्याशी बसल्या. दिवसभर एक शब्द बोलल्या नाहीत.

असे पाच रविवार गेले. बंद पडलेली फंक्शनं तिनं एकेक बदलली. उदयसिंह चहा घेऊन यायचा आणि काही न कळताही स्क्रीनकडे बघत बसायचा... कधी तिच्याकडेही. चौथ्या रविवारी लायब्ररी एकदाची तयार झाली. नावांची चाचणी लावली, आणि नंदिनी फिसकन हसली.

"काय झालं?"

"तुमचं नाव मोडलं!"

स्क्रीनवर होतं – 'उदयिसंह'. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची. तिला उचलून जागेवर ठेवणारा कोड नव्या आवृत्तीत एक घर चुकत होता. शेजारी आकारामनं टीप लिहिली होती – 'हे नाव चुकायचं नाही. पोरगं लगेच रुसतंय.'

उदयसिंहनं ती वाचली. तो हसला... आणि उठून रोपांत जाऊन पाठमोरा उभा राहिला. ती मागोमाग गेली. त्याच्या हातातली रिकामी झारी तेवढी काढून घेतली.

"तुमचं नाव सरळ केल्याशिवाय मी जात नाही," ती म्हणाली.

"आनि सरळ झाल्यावर?"

ती झारी भरायला नळाकडे वळली. पुढचा आठवडा तिला फार लांब गेला.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी सगळ्या चाचण्या पास झाल्या. नवी प्रत आकारामच्याच नावानं बाहेर पडली.

"झालं?" अंबूबाईंनी विचारलं.

"झालं, काकू."

त्यांनी स्क्रीनवरून हात फिरवला आणि त्या आत गेल्या.

अंगणात पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. "आता यायला काही कारण उरलं नाही," नंदिनी म्हणाली. "तुम्हीच एखादं दिलंत तर..."

"नगा म्हणू तसं. दादा गेला त्या दिशी गाडी मी चालवत हुतो. वाठारच्या वळणाला. दादा मागं बसलावता... मला खरचटलं बी न्हाय. तवापासनं मागं कुणाला बसवलं न्हाय मी. आनि तुमी यायला लागलासा, तर रविवारची वाट बघावी वाटती. मग आईच्या तोंडाकडं बघवत न्हाय."

"म्हणजे वाट बघता?"

"...व्हय."

"मीही बघते. सोमवारपासून."

त्यानं मान फिरवली. "जावा तुमी. एस्टी चुकंल."

तिनं पिशवी उचलली. डोळे भरून आले होते, फाटकाची कडी सापडेना. तेवढ्यात मागून आवाज आला.

"उदय, पोरगी भिजत जाणार व्हय? गाडी काढ. कोल्लापुरापत्तोर सोडून ये."

"आई..."

"काढ म्हंतीय की!" अंबूबाईंनी गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली. "वरीस हुईत आलं, तुला सांगायचं हुतं. तोंड उघडंना माझं. म्या तुला कधी बोल लावला न्हाय रं, लेकरा."

नंदिनीला मागं घेऊन गाडी अगदी सावकाश निघाली. वाठारचं वळण आलं तशी त्याची पाठ ताठरली. त्यानं गाडी कडेला घेतली, उतरला आणि रस्त्याकडे पाठ करून लहान पोरासारखा रडला. नंदिनी शेजारी भिजत उभी राहिली. तिनं त्याला गप्प केलं नाही. फक्त त्याचं मनगट धरून ठेवलं. हायवेवरून ट्रक पाणी उडवत गेले.

बऱ्याच वेळानं त्यानं तोंड पुसलं, गाडीवर बसला आणि मागं वळून पाहिलं. इतक्या दिवसांत त्यानं तिला कधी नावानं हाक मारली नव्हती.

"नंदिनी," तो म्हणाला, "बस."