शिवेचा घास

अक्षदा गाडी चालवत होती आणि शेजारी शेवंताआत्या मांडीवरची भाकरी सांभाळत होती. निमोण्याहून निघताना फडक्यात बांधलेली बाजरीची भाकरी. पाच दिवसांत खापरासारखी कडक झालेली. दिवसाचा बेत सरळ होता. लेहमधून सकाळी सहाला निघायचं, दोन खिंडी ओलांडायच्या आणि उजेडात पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं. लेहच्या डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती. आत्याची छाती नाजूक आहे, उंचावर रेंगाळू नका.

रस्ता वर चढत गेला तसे रंग बदलत गेले. डोंगर आधी हळदीचे, मग विटकरी, मग जांभळे. झाड म्हणून नाही. निमोण्याचा उन्हाळ्यातला माळ कुणीतरी उचलून आभाळाला टेकवून ठेवावा, तसं ते सगळं.

"एवढा मोठा देव," आत्या म्हणाली, "आन् एक बाभळ लावली न्हाई व्हय इथं?"

पहिल्या खिंडीत तिनं काच खाली केली, भाकरीचा तुकडा मोडला आणि बाहेर टाकला.

"आत्या, कचरा का टाकतेस? दंड होतो इथं."

"शीव वलांडताना घास द्यायचा. ज्याची जागा त्याला."

"ही शीव नाही, खिंड आहे."

"खिंड म्हंजी डोंगराची शीवच की."

अक्षदा चिडली. घरात कुणाच्या पाया पडायला सांगितलं तरी जी आधी 'का?' विचारायची, ती हे किती ऐकून घेणार? दुसरी खिंड आली तेव्हा तिनं आपल्या बाजूचं बटण दाबून आत्याची काच लॉक करून टाकली. आत्याचं बोट कितीतरी वेळ बटणावर दाबत राहिलं. खिंड मागे पडली.

आणि मागून टिंग टिंग सुरू झालं.

गाडी नवी, भाड्याची. मागच्या सीटवर कुणी बेल्ट न लावता बसलं की ती वाजायची. मागे तर फक्त बॅग होती. अक्षदानं पताका लावलेल्या दगडांच्या एका ढिगाजवळ गाडी थांबवली, उतरून बॅग डिकीत टाकली. सीट रिकामी झाली. तरी टिंग टिंग चालूच.

"सेन्सर गंडलाय," ती म्हणाली. तिनं रिकाम्या सीटवरून बेल्ट ओढला आणि खटकन अडकवला. आवाज थांबला.

आत्यानं मागे न बघताच विचारलं, "कुणाला बांधलंस, अक्षू?"

"कुणाला नाही. सीटला."

पुढे अर्ध्या तासात उतार लागायला हवा होता. लागला नाही. रस्ता सपाटच राहिला. डावीकडे तीन पांढरी शिखरं, वर काळ्याकडे झुकणारं निळं आभाळ. मग पुन्हा एक दगडांचा ढीग आला, त्याच्यावरही विटलेल्या पताका. तासाभरानं पुन्हा तोच ढीग. तिसऱ्यांदा आला तेव्हा शेजारच्या मातीत तिच्या गाडीची चाकं उमटलेली होती आणि तिच्याच बुटांचे ठसे. वाट एकच होती, तिला कुठं फाटाही नव्हता.

ऊन कललं होतं. आत्याचे ओठ जांभळे पडले होते. घशातून शीळ निघत होती.

"अक्षू... त्याला उतरू दे..."

ढिगाजवळ गाडी थांबवून अक्षदा उतरली. शांतता एवढी मोठी की स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू यावं. तिनं मागचं दार उघडलं.

बेल्ट सीटला चिकटलेला नव्हता. हातभर पुढे ताणलेला होता, एखाद्या आडव्या छातीवरून जावा तसा. आणि तो संथपणे वर येत होता... खाली जात होता. ओल्या लोकरीचा, बर्फाचा वास आला. अक्षदाला किंचाळावंसं वाटलं नाही. गुडघे मात्र आपोआप वाकले. कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिनं हात जोडले.

मग बटण दाबलं. बेल्ट सावकाश आत गेला, कुणी हातानं सोडावा तसा. गाडी मागून कुरकुरली आणि ओझं उतरल्यासारखी वीतभर वर आली.

तिनं उरलेली सगळी भाकरी त्या दगडांवर ठेवली.

"आता माघारी बघू नगंस," आत्या पुटपुटली.

शंभर पावलांवर उतार लागला. आत्यानं खोल श्वास घेतला. मग आणखी एक. अक्षदाच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि सवयीनं, नुसत्या सवयीनं, तिची नजर आरशात गेली.

दगडांवर भाकरी नव्हती. पाखरू नाही, कुत्रं नाही. आणि मागे शिखरं चार होती.

तिनं आरसा छताकडे वळवला.

आठवड्यानं आत्याचा मुलगा भारत जुनी जीप घेऊन त्यांना आणायला शिरूरच्या स्टँडवर आला. भर मे महिना, दुपारचे दोन. निमोण्याच्या अलीकडे त्यानं जीप थांबवली, मागे जाऊन चाकं बघितली.

"काय दगडं भरून आणलीत काय गं? पार टेकलीय मागनं. बॅगा तर दोनच हायत."

आत्याचा चेहरा उतरला. तिनं मान न वळवता हात पुढे केला. "भारत, घरनं भाकरी आणलीस का रं?"

"आता धा मिन्टात जेवायचंच हाय की, आई."

पुढे दहा पावलांवर निमोण्याची शीव होती. अक्षदानं आरशावर पालथा हात धरला. जीपमध्ये, त्या रणरणत्या उन्हात, बर्फाचा वास येत होता.