नागपूरचा कार्यक्रम आणि केशोरीची मंडई

सन २००९ च्या आश्विनातील एका दुपारी, कुडव्यातील लोकेंद्र बिसेन याच्या मोबाईलच्या दुकानात एक अपरिचित तरुणी प्रवेशली आणि तिने काउंटरवर मेमरी कार्ड ठेवले.

“गाणे भरून द्या. पण वरातीतले नोको.”

“मग कोणते?”

“वणवा.”

लोकेंद्रचा हात माऊसवर स्थिरावला. ‘वणवा’ हा नागपूरच्या चार मुलांचा रॉक बँड. गंज बाजारात मिळालेल्या एका ओरखडलेल्या सीडीतून त्याला त्यांचा शोध लागला होता आणि त्या गिटारीने त्याच्या हृदयाचा कायमचा ताबा घेतला होता. परंतु ते नाव आजवर एकाही गिऱ्हाइकाच्या मुखातून आले नव्हते!

इतक्यात वीज गेली. गाणी अर्धीच उतरली होती. थांबणे भाग होते.

“त्यांना प्रत्यक्ष ऐकलंत कधी?” त्याने विचारले.

“दोनदा तिकीट काढलं... एकदा धानाची रोवणी निघाली, एकदा आजीची तेरवी. तुम्ही?”

“तीनदा कार्यक्रम चुकला. तिसऱ्यांदा तर टेसनवर उभा होतो अन् गाडी सुटली.”

“समोरून? काय करून राहिले होते?”

“कानात हेडफोन होते... वणवाच ऐकत होतो.”

ती खळखळून हसली आणि त्या अंधारलेल्या दुकानात लोकेंद्रला विजेची उणीव भासली नाही.

तिचे नाव ओमेश्वरी कटरे. घर केशोरीचे, परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी ती कुडव्यात मामांकडे राहत असे. त्यानंतर दर शनिवारी तो तिच्या कार्डात एक नवा बँड भरी आणि पुढच्या शनिवारी ती निर्भीडपणे निकाल देई.

“हा लय रडका आहे. गाते का कण्हते?”

आवडला, तर मात्र तिची बोटे काउंटरच्या काचेवर ताल धरीत... आणि लोकेंद्र त्या बोटांकडे पाहत राही.

दिवाळीनंतर वार्ता आली की, वणवा बँड फुटणार. रविवारी नागपुरात अखेरचा कार्यक्रम. लोकेंद्रने दोन तिकिटे तिच्यापुढे ठेवली. तिचा चेहरा उतरला.

“रविवारी आमच्या गावची मंडई आहे. तिरोड्याचे पाहुणे मले पाहायले येऊन राहिले.”

मंडई म्हणजे गावोगावचे सोयरे जमण्याचा आणि सोयरीक जुळवण्याचा दिवस, हे त्याला सांगण्याची आवश्यकता नव्हती.

“तुमची इच्छा आहे?”

“मले विचारलं कोणी?” तिने तिकिटे त्याच्याकडे परत सरकवली. “तुम्ही जाऊन या. अन् मले सांगा... सगळं.”

रविवारी लोकेंद्रने इस्त्रीचा सदरा घातला आणि मोटारसायकल केशोरीच्या रस्त्याला लावली.

मंडईच्या दिवशी दारात उभा राहिलेला असा तरुण पाहून ओमेश्वरीचे वडील कन्हैयालाल यांनी त्याला तिरोड्याचा नवरदेवच मानले. पाय धुण्यास पाणी आले, खाटेवर गादी पडली, पुढ्यात करंज्या आल्या.

“बाकीचे मागून येऊन राहिले का?”

तो उत्तर देणार, तोच ओमेश्वरी चहा घेऊन आली.

“तुम्ही?... आज तर नागपूरले—”

“मी नसलो तरी तिथं गाणं होईल. इथं नसतो तर मला जन्मभर करमलं नसतं.”

मग तो उभा राहिला. “काका, मी तिरोड्याचा नाही. कुडव्याचा लोकेंद्र बिसेन. दुकान आहे माझं. ओमेश्वरीवर माझं प्रेम आहे. तिची इच्छा असेल, तर तिला मागायला आलो.”

“मंग आधी काऊन नाही सांगितलं? दोन करंज्या खाऊन सांगून राहिला!”

“तुम्ही बोलूच दिलं नाही, काका.”

कन्हैयालाल यांना हसू आवरेना. पण लगेच ते गंभीर झाले. जात एकच आणि कूळ वेगळे होते, रीतीचा अडसर नव्हता. परंतु तिरोडेकरांना शब्द गेला होता. त्याच वेळी बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

त्यांनी लेकीकडे पाहिले. तिने नजर खाली घातली नाही.

“बाबा, पाहुण्यांना मंडई दाखवा, पोटभर जेवू घाला. पण मले पाहायले बसवू नोका. मुलगा मी पसंत केला.”

कन्हैयालाल यांनी सावकाश खांद्यावर दुपट्टा टाकला आणि उंबरठ्यावर थांबून ते म्हणाले, “माफी मागायले मी जाऊन राहिलो. तू याले जेवल्याबिगर जाऊ देऊ नोको.”

ओमेश्वरी लोकेंद्रकडे वळली.

“ऐकलं ना? बसा आता.”