यंत्र म्हणालं, ‘गाठ’

“डाव्या कप्प्यात गाठ आढळली,” हृदयदर्शी मोठ्यांदा म्हणालं, तेही बातम्या देणाऱ्या बाईच्या गोड आवाजात.

डॉ. निगार मुजावर यांनी कपाळावर हात मारला. झालं!

हृदयदर्शी म्हणजे साबणाच्या वडीएवढं यंत्र. रोग्याच्या खाटेशेजारी उभं राहून त्याच्या छातीवर टेकवायचं. ते आत ध्वनिलहरी सोडतं, परतलेल्या लहरींवरून धडधडतं हृदय पडद्यावर दाखवतं आणि निदानही स्वतःच बोलून टाकतं. रोग्याला सगळ्यात आधी कळलं पाहिजे, असा नवा नियम. पण रक्ताच्या गुठळीला नुसतं ‘गाठ’ म्हटलं तर माणूस काय समजेल, हे नियम करणाऱ्यांच्या डोक्यात आलं नाही.

खाटेवरच्या द्वारकाबाई खोत उठून बसल्या. “म्हंजे कॅन्सरच की!”

“नाही हो मावशी! गेल्या आठवड्यात तुम्हाला अटॅक आला ना? तिथला स्नायू नीट हलत नाही, म्हणून रक्त साकळून गुठळी झालीय. ती सुटून मेंदूत गेली तर अंग लुळं पडेल, जीवसुद्धा जाईल. रक्त पातळ करायचं इंजेक्शन आत्ताच घ्यायला हवं.”

“सुई? माझ्या जावेच्या गाठीला सुई लावली आन् वर्षात गेली ती. मला घरी सोडा.”

“सुई पोटावर टोचायचीय, गाठीला नाही!”

“बघा, तुमीबी गाठच म्हणालासा.”

निगारना ओरडावंसं वाटलं. तो शब्द बदला म्हणून त्यांनी कितीदा वर कळवलं होतं. उत्तर ठरलेलं: भाषा तज्ज्ञांनी तपासलेली आहे. त्या तज्ज्ञांना एक दिवस इथं आणून बसवायला हवं!

द्वारकाबाई खाटेखाली चपला शोधू लागल्या. निगारनी त्यांना कसंबसं परत आडवं केलं. “थांबा, एकदा पुन्हा बघू,” म्हणत त्यांनी यंत्र टेकवलं आणि मनगट मुद्दाम तिरकं केलं. हृदयाचं टोक पडद्यावरून नाहीसं झालं. गुठळी त्या टोकातच होती.

“गाठ आढळली नाही,” यंत्र म्हणालं.

“अगं बाई, न्हाई?” द्वारकाबाईंचा चेहरा खुलला. “मग द्या काय सुई द्यायची ती. आता कशाची भीती?”

निगार औषधाच्या कपाटाकडे धावल्या. कपाट उघडेना. त्याचं कुलूप हृदयदर्शीला जोडलेलं; यंत्राला शेवटच्या तपासणीत गुठळी दिसली तरच ते औषध बाहेर येणार. बाहेरच्या मेडिकलमध्येही तीच तऱ्हा. स्वतःच्या हुशारीचा त्यांना असा संताप आला की कपाटाला लाथ घालावीशी वाटली.

दुसरा इलाजच नव्हता. त्या परत आल्या, यंत्राच्या आवाजाच्या जाळीवर अंगठा दाबला आणि या वेळी मनगट सरळ धरलं. अंगठ्याखालूनही तो गोड आवाज स्वच्छ ऐकू आला.

“डाव्या कप्प्यात गाठ आढळली.”

कपाटाचं कुलूप खट्‌कन उघडलं. द्वारकाबाईंनी छातीवरचा निगारचा हात उचलून बाजूला केला.

“मघाशी खोटं कोण बोललं, बाई?” त्यांनी विचारलं. “ह्ये यंत्र, का तुमी?”