क्लचवरचा पाय

रविवारी सकाळी अश्विन गाडी न्यायला येणार होता, म्हणून बुधवारीच मी मेकॅनिक नागसेनला बोलावून गिअरबॉक्स खाली उतरवला. त्याशिवाय या गाडीचा क्लच दिसत नाही.

गाडी १९६८ची, विलायती. दोन सीटा, वर कापडी टप. बावीस वर्षांपूर्वी एका डॉक्टरांच्या अंगणातून मी ती भंगार म्हणून आणली आणि बेशाच्या या घराच्या पोर्चमध्ये चालती केली. मी कारखान्यात फिटर होतो. उत्तरा, माझी बायको, याच गाडीवर चालवायला शिकली. चप्पल काढून अनवाणी चालवायची. चांगली चालवायची, पण एक खोड होती. गिअर बदलून झाला तरी तिचा डावा पाय क्लचवरून निघत नसे.

"उत्तरा, पाय काढ वं."

"तुम्ही तुमचा काढा पहिले. तिकडे ब्रेक नाही आहे."

कारण ती चालवत असली की बाजूला बसून प्रत्येक वळणावर मी उजवी टाच खाली दाबायचो. मला ते कळायचं नाही. माझ्या बाजूच्या रबरी मॅटला टाचेएवढा खळगा पडला होता. तो ती पाहुण्यांना दाखवायची.

पाय टेकून ठेवला की क्लचचं बेअरिंग झिजतं. आमच्या गाडीत ते गोळ्यांचं नाही, कार्बनची जाड कडी असते. पेडल दाबलं की ती फिरत्या तबकडीला टेकते. सतत टेकलेली राहिली तर पेन्सिलीसारखी झिजते. वीस वर्षांत मी तीन वेळा कडी बदलली. चौथी गेल्या फेब्रुवारीत बदलली. उत्तरा तेव्हा दवाखान्यात होती आणि डॉक्टर बरं बोलत होते. घरी आली की चालवेल म्हणून नवी कडी घातली, पेडलचं रबर नवं घातलं, दोन्ही बाजूंच्या मॅट नव्या आणल्या. ती घरी आली नाही.

त्यानंतर आठ महिने बॅटरी उतरू नये म्हणून मी अधूनमधून गाडी पेट्रोल पंपापर्यंत नेऊन आणली. एकूण बासष्ट किलोमीटर. मी क्लचवर पाय ठेवत नाही. बाजूच्या सीटवर कोणी बसलं नाही.

तरी दसऱ्याच्या सुमारास क्लच खरखरू लागला.

नागसेनचं मानेवाड्याला गॅरेज आहे. वीस वर्षांची ओळख. त्याने कडी काढली, फडक्याने पुसली आणि उन्हात धरली. कार्बन संपून लोखंड लागलं होतं.

"शरदभाऊ, कोण चालवून राहिलं गा ही गाडी?"

"मीच."

"खोटं नका सांगू. हे पाय ठेवून चालवणाऱ्याचं काम आहे. वहिनीची कडी अशीच निघत होती."

"ही फेब्रुवारीत टाकली. तूच होता."

तो थोडा वेळ कडी फिरवत राहिला. मग ती माझ्या हातात न देता कट्ट्यावर ठेवली. "माल खराब असंन," म्हणाला. चहा न घेता गेला. एरवी तो दोन कप घेतो.

मी व्हर्नियर लावून मोजलं. पाच मिलिमीटर कार्बन गेला होता. उत्तरा रोज चालवायची तेव्हा एवढ्याला पाच वर्षं लागायची.

पेडलचं रबर पाहिलं. डाव्या कोपऱ्यात बारीक चर पडला होता. जुन्या रबरालाही तिथेच होता, तिच्या जोडव्याचा. मी बूट घालून चालवतो. जोडवी तिच्या पायातच गेली. काढायची का, असं चिन्मयीने घाटावर विचारलं होतं. आमच्याकडे सवाष्णीची काढत नाहीत. मी नको म्हटलं.

रबरही खराब निघालं असेल, असं मी ठरवलं.

चिन्मयी आमची मुलगी. पुण्याला असते. मी एकटा राहू नये, गाडी द्यावी, घर भाड्याने द्यावं, हे तिचं म्हणणं. गाडी घेणारा अश्विन तिच्या कॉलेजातला, सदर भागात राहतो. जुन्या गाड्या सांभाळतो. मला सगळं पटलं होतं. नवी कडी मिळाली. शनिवारी दुपारी नागसेन आला, गिअरबॉक्स चढवला, हात धुतले आणि लगेच निघाला. इंजिन चालू करायलाही थांबला नाही.

मी चालू केलं. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून खाली उतरलो आणि बॉनेट उघडून ऐकत उभा राहिलो. कडी टेकली नसेल तर आवाज येत नाही. टेकली की बारीक शीळ येते, कुकरची शिट्टी होण्याआधी येते तशी.

शीळ आली.

मी दाराशी गेलो. सीट रिकामी होती. पेडल बोटभर खाली होतं.

"पाय काढ वं," मी म्हणालो. सवयीने. आवाजही तोच, वैतागलेला.

पेडल वर आलं. शीळ थांबली.

मी उभा राहिलो. एरवी सांगितलं तरी दोन चौक गेले की तिचा पाय पुन्हा क्लचवर यायचा. पाच मिनिटं झाली. दहा झाली. इंजिन तापल्याचा काटा वर चढला. शीळ आली नाही.

उद्या गाडी सदरला जाणार होती. तिथे तिला पाय काढ म्हणणारं कोणी नव्हतं.

"ठेव," मी म्हणालो. "राहू दे. झिजली तर बदलीन."

शीळ आली.

संध्याकाळी अश्विनला फोन करून गाडी देत नाही म्हणून सांगितलं.

"काही बिघाड निघाला का काका?"

"नाही. चालू आहे."

"मग काहून?"

मी फोन ठेवला. थोड्या वेळाने चिन्मयीचा आला. "बाबा, एकटे राहून तिथे करणार काय आहात तुम्ही?"

"क्लचचं काम आहे अजून," मी म्हणालो.

रविवारी सकाळी मी गाडी धुवायला काढली. मॅट झटकायला डावीकडचं दार उघडलं. ते दार मी फेब्रुवारीनंतर उघडलं नव्हतं.

नव्या मॅटलाही उजव्या बाजूला खळगा पडला होता. तिथलं रबर घासून चकचकीत झालं होतं.

मी मीटर पाहिला. फेब्रुवारीपासूनचे किलोमीटर बासष्टच होते.

मग त्याच डावीकडच्या सीटवर बसलो, चप्पल काढली आणि उजवी टाच त्यात ठेवली. बरोबर बसली.