अर्धा तास पुढचे हृदय

मृण्मयी चौगुले बाकावर बसून भडंग खात होती आणि आतल्या खोलीत तिचे हृदय दंडोबाचा डोंगर चढत होते.

मिरजेच्या त्या रुग्णालयात आता याचे कुणाला नवल वाटत नसे. तिच्या शेजारी एक आजोबा पेपर वाचत होते. त्यांचे हृदय आदल्या दिवशी विमानाने दिल्लीला जाऊन सुखरूप परत आले होते, त्यामुळे ते खुशीत होते. मृण्मयीचा नवरा अभिनंदन मात्र उभाच होता. काचेपलीकडच्या पडद्यावर बायकोच्या हृदयाचे ठोके वाढत चालले होते आणि बायको शेंगदाणे वेचून खात होती. या दोन गोष्टी त्याला काही केल्या जुळवता येत नव्हत्या.

पडद्यावर होते ते प्रतिहृदय. रुग्णाच्या हृदयाचे बारकाईने मोजमाप घ्यायचे, भिंतींची जाडी, झडपांचा आकार, विजेची सूक्ष्म लहर कुठून कुठे जाते तो मार्ग, आणि त्यावरून संगणकात हुबेहूब तसेच हृदय उभे करायचे. मग त्याला डोंगर चढायला लावायचा, ताप आणायचा, एखादे औषध द्यायचे. ते तगते की नाही हे पाहून खऱ्या हृदयाचे काय करायचे ते ठरवायचे. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. नसरीन मुजावर यांनी हे काम सुरू केले होते, आणि त्यामागची यंत्रणा सांभाळत होती प्रणिता वाघमोडे. ती मूळची आटपाडीकडची. पुण्याच्या एका डेटा सेंटरमधली बरी नोकरी सोडून ती मिरजेला आली होती.

अभिनंदनने तिला विचारले, हे हृदय नेमके असते कुठे? तो हळदीच्या प्रयोगशाळेत काम करायचा, त्यामुळे कुठलीही वस्तू कुठल्या बरणीत आहे हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

प्रणिताने सांगितले की ते शेकडो आभासी यंत्रांत वाटलेले असते. आभासी यंत्र म्हणजे टेबलावर ठेवता येईल असा संगणक नव्हे. मोठ्या संगणकांच्या आतच हवे तेवढे छोटे संगणक आखून घ्यायचे आणि काम संपले की पुसून टाकायचे. प्रत्येक यंत्र हृदयाचा एकेक तुकडा सांभाळते. पण यंत्रे पुसली तरी हृदय उरले पाहिजे, म्हणून प्रत्येक ठोक्यानंतर कोट्यवधी पेशींची स्थिती क्लाउडमधल्या डिस्कवर लिहून ठेवावी लागते. ती लिहून झाल्याशिवाय पुढचा ठोका पडत नाही.

सुरुवातीला खरी अडचण तिथेच होती. हिशोब झटपट होत, लिहिणे मागे पडे. शंभर स्वयंपाकी तयार उभे आणि कोठीला दार एकच, अशी गत. एका मिनिटाचे ठोके पाडायला प्रतिहृदयाला अर्धा दिवस लागायचा. प्रणिताने आल्यावर पहिले काम केले ते कोठीला दारे पाडण्याचे. एका प्रचंड डिस्कऐवजी तिने कितीतरी डिस्क शेजारी शेजारी लावल्या आणि हृदयाचा प्रत्येक तुकडा आपापल्या डिस्कशी जोडला. लोक डिस्क घेताना तिच्यात किती मावते ते विचारतात. प्रणिताने तिच्यावर किती भराभर लिहिता येते तेवढेच पाहिले. वर्षभराच्या खटपटीनंतर एका दुपारी प्रतिहृदयाने खऱ्या हृदयाला गाठले आणि संध्याकाळपर्यंत ते त्याच्या पुढे निघून गेले. त्या दिवशी डॉ. मुजावर यांनी सगळ्या मजल्याला खव्याची जिलेबी वाटली होती.

मृण्मयी डोंगर चढायला आली नव्हती. तिला मूल हवे होते.

लहानपणी तिच्या हृदयाच्या एका झडपेवर शस्त्रक्रिया झाली होती. झडप उघडत असे, पण पुरती नाही. सांगलीत वाढलेली मुलगी असून तिला खो-खो खेळता आला नाही, म्हणून ती पंच झाली आणि मैदानाच्या कडेला शिट्टी घेऊन उभी राहू लागली. रोजच्या जगण्याला तेवढे हृदय पुरत होते. पण गरोदरपणात शरीरातले रक्त जवळजवळ दीडपट होते आणि ते सगळे त्याच अरुंद दारातून जायला लागते. दोन मोठ्या डॉक्टरांनी तिला स्पष्ट नको म्हणून सांगितले होते. डॉ. मुजावर हो किंवा नाही यातले काहीच म्हणाल्या नाहीत. आधी हृदयाला पाठवून बघू, एवढेच त्या म्हणाल्या.

प्रतिहृदयाने नऊ महिने आठवडाभरात पार करायला घेतले. सातव्या महिन्यात ते थकले आणि थांबले.

इथे प्रणिताच्या डिस्कचा दुसरा उपयोग झाला. वाटेतल्या कुठल्याही क्षणाचे स्थितिचित्र त्यांच्यावर जपलेले होते, म्हणजे त्या क्षणी हृदय जसे होते तसेच्या तसे. ते उचलायचे आणि तिथून वेगळ्या वाटेने निघायचे. डॉ. मुजावर यांनी हृदयाला पाचव्या महिन्यात परत नेले, ठोके संथ ठेवणारे औषध दिले, आहारातले मीठ कमी केले. या वेळी ते आठव्या महिन्यापर्यंत पोचले. मग पुन्हा मागे, पुन्हा पुढे. महिनाभरात वाटांचे एक झाडच तयार झाले. काही फांद्या अर्ध्यावर खुंटलेल्या होत्या, पण बऱ्याचशा शेवटापर्यंत गेलेल्या होत्या.

डॉ. मुजावर यांनी दोघांना बसवून सगळे सांगितले. पथ्य काटेकोर पाळले, प्रतिहृदय शेवटपर्यंत सोबत ठेवले, तर हे होण्यासारखे आहे. धोका उरतोच, तो नाही असे मी म्हणणार नाही, असेही त्या म्हणाल्या. अभिनंदन म्हणाला की त्याला मूल नसले तरी चालेल, मृण्मयी हवी. ते त्याने खाली बघत सांगितले.

मृण्मयीने प्रणिताकडे एकच मागणे केले. तिला थांबलेले हृदय बघायचे होते.

प्रणिता जरा अडखळली, मग तिने ती फांदी उघडली. पडद्यावर सातव्या महिन्यातले हृदय धापा टाकल्यासारखे आकसत होते. त्याची लय विस्कटली, भिंती नुसत्याच थरथरल्या आणि सगळे स्तब्ध झाले. मृण्मयी पुढे वाकून बघत राहिली.

"याला दुखलं असेल का, ताई?"

"नाही. ते नुसते आकडे आहेत."

"मला वाटलं मी घाबरेन," मृण्मयी म्हणाली. "पण हे माझ्यासाठी जाऊन बघून आलं की. आता मला ठाऊक आहे, कुठं जायचं नाही ते."

तिने अभिनंदनकडे वळून पाहिले आणि त्याला कळले की ठरलेले आहे.

लवकरच मृण्मयीला दिवस राहिले, आणि त्यानंतरचा काळ सगळ्यांनाच आनंदाचा गेला. मृण्मयीच्या छातीवर एक पातळ पट्टी चिकटवलेली असायची. तिच्यावरून खऱ्या हृदयाची खबर सतत प्रतिहृदयाला मिळे, आणि ते तिथून पुढे धावून येणाऱ्या काही तासांचा अंदाज देई. तो अंदाज प्रणिताच्या फोनवर दिसत असे. मृण्मयीने पाचव्या महिन्यात सामन्याला जायचा हट्ट धरला, तेव्हा प्रतिहृदयाला आधी सामना दाखवण्यात आला. उभे राहून नको, खुर्चीत बसून चालेल, असे त्याने कळवले. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून पंचगिरी करणाऱ्या पोटुशा बाईचा फोटो सांगलीच्या अर्ध्या घरांत पोचला.

डोहाळजेवणाला प्रणिताला बोलावणे होते. बायकांनी मृण्मयीला फुलांनी मढवले आणि तिची सासू प्रत्येक पाहुणीला सांगत सुटली की ही प्रणिता, आमच्या सुनेचे हृदय हिच्याकडे असते. ताटात सगळे बिनमिठाचे होते. सासूबाईंनी हौसेने सगळ्यांनाच तसे वाढले होते, त्यामुळे पाहुण्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले.

बाळंतपणासाठी एक दिवस ठरवलेला होता, पण बाळाने त्याची वाट पाहिली नाही. एका रविवारी सकाळी मृण्मयीला कळा सुरू झाल्या.

प्रसूतिकक्षात प्रसूतितज्ज्ञ आणि डॉ. मुजावर होत्या. शेजारच्या खोलीत काचेआड प्रणिता बसली. प्रतिहृदय अर्धा तास पुढे धावत होते, आणि तेवढे पुरेसे होते. काही विपरीत दिसले तर औषधे बदलायला तेवढा वेळ मिळत असे.

पण कळांनी प्रणिताचा हिशोब चुकवला. प्रत्येक कळेसरशी रक्ताचा लोंढा हृदयाकडे येई, दाब चढे, उतरे, ठोक्यांची लय क्षणाक्षणाला बदले. एरवी दोन ठोक्यांत फारसा फरक नसतो, तेवढाच बदल लिहिला की भागते. आता प्रत्येक ठोका नवा होता आणि तो पूर्ण लिहावा लागत होता. डिस्क भरभरून लिहीत होत्या, तरी यंत्रांच्या रांगा लागायला लागल्या. अर्ध्या तासाची आघाडी वीस मिनिटांवर आली, मग पंधरावर. तिने आणखी डिस्क जोडून पाहिल्या, पण हृदयाचे नव्याने तुकडे पाडायला लागणारा वेळच आता हाताशी नव्हता. आघाडी दहा मिनिटांच्या खाली गेली. थोड्या वेळाने प्रतिहृदय खऱ्या हृदयाच्या बरोबरीला येणार, आणि मग त्याचा काहीच उपयोग उरणार नव्हता.

प्रणिताने स्वतःला विचारले, एवढे लिहिले जातेय ते काय आहे? आणि तिच्या लक्षात आले की त्यातला मोठा भाग स्थितिचित्रांचा आहे. कुठल्याही क्षणाकडे परतता यावे म्हणून प्रत्येक ठोका कायमचा जपला जात होता. ते बंद केले, खऱ्या हृदयाशी जुळलेला फक्त ताजा ठोका ठेवला आणि आधीचे पुसत गेले, तर लिहिणे कितीतरी हलके होईल. मात्र मग त्याच्या मागे परतीची वाट उरणार नाही. तो एक ठोका बिघडला तर प्रतिहृदय कायमचे गेले, आणि ते नव्याने उभे करायला दिवस लागले असते.

हा निर्णय तिचा एकटीचा नव्हता. तिने काचेवर टकटक केली. डॉ. मुजावर बाहेर आल्या. प्रणिताने थोडक्यात सगळे सांगितले.

डॉक्टरांनी आत पाहिले. मृण्मयी अभिनंदनचा हात धरून श्वास मोजत होती.

"प्रणिता, त्या पोरीला तरी कुठं मागं जाता येतंय?" त्या म्हणाल्या. "तिच्या हृदयाला कशाला हवी ती सोय? बंद कर."

प्रणिताने स्थितिचित्रे बंद केली. क्षणभर पडदा थबकला. मग रांगा ओसरू लागल्या. प्रतिहृदय मागचे टाकत सुटले. आघाडी दहा मिनिटे झाली, पंधरा, वीस. ते अर्ध्या तासाच्या पलीकडे पोचले आणि तिथे प्रणिताला दिसले, बाळ बाहेर आल्यानंतरचे.

बाळंतपण होताच गर्भाशय आकसावे म्हणून एक औषध शिरेतून देतात. मृण्मयीसाठी ते अगदी संथ द्यायचे हे आधीच ठरले होते. पण कळा अपेक्षेआधी आल्या होत्या, अंगातले पाणी कमी झाले होते, आणि त्या दिवशीच्या त्या शरीराला तो संथ वेगही सोसणारा नव्हता. पडद्यावर रक्तदाब घसरला, हृदयाची लय विस्कटली. भिंती थरथरू लागल्या. प्रणिताने हे आधी एकदा पाहिले होते.

ती शांतपणे आत गेली आणि डॉ. मुजावर यांच्या कानाशी बोलली. डॉक्टरांनी सलाइन वाढवायला सांगितले, औषधाचा वेग आणखी निम्मा करायला लावला. प्रणिता पळत पडद्याकडे परतली. औषधाचा नवा वेग देऊन तिने प्रतिहृदयाला त्या ताज्या ठोक्यापासून पुन्हा त्या क्षणाकडे पाठवले. या खेपेला दाब थोडा झुकला, ठोके धडपडले आणि सावरले.

आता फक्त खऱ्या हृदयाने तिथे पोचायचे होते.

दुपारच्या जेवणाच्या सुमारास मुलगी जन्मली. ती आधी रडलीच नाही, मग असे काही रडली की बाहेर बसलेल्या सासूबाई उठून उभ्या राहिल्या. मग औषध सुरू झाले आणि तो क्षण आला. मृण्मयीचा दाब थोडा झुकला, ठोके धडपडले. डॉ. मुजावर यांचे डोळे तिच्या चेहऱ्यावर होते आणि प्रणिताचे दोन्ही पडद्यांवर. ठोके सावरले. मृण्मयीने डोळे उघडून विचारले की बाळाच्या डोक्यावर केस आहेत का.

प्रणिता खुर्चीत मागे टेकली आणि तिला हसू आवरेना. पुसता पुसता डोळ्यांतून पाणी येत राहिले.

दोन महिन्यांनी मृण्मयी बाळाला घेऊन तपासणीला आली. तब्येत ठणठणीत होती. डॉ. मुजावर यांनी सांगितले की प्रणिताच्या त्या युक्तीने एक नवेच दार उघडले आहे. मागचे जपायचे ओझे टाकले की प्रतिहृदय महिनेच नव्हे, वर्षे पुढे जाऊ शकते. वीस वर्षे, कदाचित चाळीस. मृण्मयीची इच्छा असेल तर पाठवून बघता येईल.

मृण्मयीने थोडा विचार केला.

"दिवसभर पुढं राहू दे त्याला," ती म्हणाली. "उद्या कसा जाईल ते कळलं की बास. त्यापुढचं मी चालत जाऊन बघते."

मग तिने बाळ प्रणिताच्या मांडीवर दिले आणि ती पट्टी बदलून घ्यायला आत गेली. बाळ जागे होते. बारशाला तिचे नाव ओवी ठेवले होते, आणि मुठीत काही सापडले की सोडायची तिला सवय नव्हती. तिने प्रणिताचे बोट पकडले. त्या इवल्याशा मनगटात नाडी भराभर उडत होती, प्रणिताच्या ओळखीच्या कुठल्याही लयीपेक्षा वेगाने. या हृदयाचा एकही ठोका कुठल्या डिस्कवर नव्हता. पुढचा कसा पडेल हे जगात कुठल्याही यंत्राला ठाऊक नव्हते, आणि तो पडत होता, पुन्हा पुन्हा.

काही वर्षांत प्रत्येक मुलाचे प्रतिहृदय जन्मल्या दिवशीच सुरू करता येईल, हे प्रणिताला माहीत होते. त्यासाठी लागणाऱ्या डिस्क ती स्वतःच तयार करत होती. तेव्हा या मुलीने किती पुढचे पाहायचे हे कोण ठरवणार होते? तिची आई, डॉक्टर, की बोट घट्ट धरून बसलेली ही ओवी स्वतः?