ट्रेवरची चिकटपट्टी

वीज कंपनीत मीटर तपासण्यात मामांची हयात गेली होती. त्यामुळे करंटशिवाय जगात काही हलतं, यावर त्यांचा काडीइतका विश्वास नव्हता. मीटर फिरतंय म्हणजे घरात कुठेतरी काहीतरी चालू आहे, एवढं साधं त्यांचं तत्त्वज्ञान.

मामी गेल्यापासून घरात चालू असायचा तो फक्त जुना कॉम्प्युटर, आणि आता त्यानेही मान टाकली होती. बटण दाबलं की निळा पडदा, पुढे काही नाही. मामींचा आवाज त्याच्या पोटात अडकला होता. अंधशाळेतल्या मुलांसाठी त्या गोष्टी वाचून रेकॉर्ड करायच्या, त्या सगळ्या कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्ह नावाच्या कप्प्यात होत्या. मामा रोज दुपारी एक ऐकायचे. आता घर इतकं गप्प झालं होतं, की जेवणाचा डबा आणणाऱ्याला ते दारातच उगाच बोलण्यात गुंतवून ठेवायचे.

परगावच्या भाच्याने मशीन दुकानात न्यायला सांगितलं. मामा तयार होईनात. तिचा आवाज परक्याच्या हातात द्यायचा नव्हता. शेवटी भाच्याने विंडोजची सीडी आणि बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह कुरियरने पाठवला, कारण आतला कधीचाच निकामी झाला होता. फोनवर त्याने पढवून ठेवलं: जुनी विंडोज असलेली सी ड्राइव्ह पुसायची, तिथे नवी सिस्टीम टाकायची, डीला हात लावायचा नाही.

दुपारी मामा चष्मा पुसून बसले. सीडीवरून मशीन चालू केलं, पडद्यावरच्या यादीत सी निवडली, आणि कळ दाबणार तोच आतल्या निकामी ड्राइव्हचा ट्रे सर्रकन बाहेर आला.

मामांना नको असताना हसू आलं. ही मामींची खोड. मामा बुद्धिबळाची सीडी घालून खेळत बसायचे, जेवायला हाका मारून मारून मामी दमायच्या आणि पीठ मळता मळता येऊन ओल्या बोटाने ट्रेचं बटण दाबायच्या. सीडी बाहेर, डाव बंद. बटणावरचं पीठ पुसत मामा कटकट करायचे आणि ताटावर जाऊन बसायचे.

स्प्रिंग सैल झाली असेल म्हणून त्यांनी ट्रे आत ढकलला. कळीकडे बोट नेलं, ट्रे पुन्हा बाहेर. डी निवडून पाहिली तर तो हलला नाही. सीवर आले की बाहेर.

"पुरे आता," मामा वैतागून म्हणाले. मोठी चिकटपट्टी काढून त्यांनी ट्रेवर आणि बटणावर घट्ट बसवली, आणि सी पुसली.

संध्याकाळी नवी सिस्टीम सुरू झाली. मामांनी डी उघडली. आत जुन्या विंडोजचा ढिगारा होता. गोष्टी नव्हत्या.

त्यांनी भाच्याला फोन लावला.

"मामा, सीडीवरून चालू केलं की कधीकधी ड्राइव्हच्या अक्षरांची अदलाबदल होते, सी दिसते ती खरी डी असते. आकार बघून पुसायचं असतं. मी सांगायला हवं होतं." गोष्टींवरच नवी सिस्टीम बसली, आता त्या परत येणं अवघड, असंही तो चाचरत म्हणाला.

"तुझी मामी ट्रे उघडत होती रे," मामा म्हणाले. "सारखी. मीच बंद केला."

"कुठला ट्रे? आतला? त्याच्या वायरी मी मागच्या खेपेला काढून ठेवल्यात. तो उघडेल कसा?"

मामांनी कॉम्प्युटरचं झाकण काढून टॉर्च मारला. दोन्ही वायरी रबरबँडने गुंडाळून बाजूला ठेवलेल्या होत्या.

त्यांनी चिकटपट्टी सोडवली आणि वाट पाहिली.

"उघड ना," ते म्हणाले. "आता उघड. ऐकतो मी."

ट्रे हलला नाही.

अंधारून आलं. मामांनी हातातली पट्टी उलटी करून टॉर्चखाली धरली. बटणावर बसलेल्या जागी, चिकट बाजूला, बोटाच्या टोकाएवढं पीठ लागलं होतं.

अजून ओलं होतं.