बिबट्याचं आसन

"आंटी, बाबांचं आसन गेलं!"

वेस्ट विंडसरच्या त्या बर्फातून शेजारची क्लॅरिस नुसत्या सपाता घालून धावत आली.

नीलांबरीबाई खासगी तपासनीस. गावातली अर्धी कुलंगडी त्यांनीच उकललेली. त्यांनी गॅस बंद केला आणि दिराला हाक मारली, "भावजी, उठा. खुर्ची उबवून अंडी निघायची नाहीत!"

"आलो वहिनी," म्हणत शशिकांत निघाले.

क्लॅरिसचे वडील कॅमेरूनच्या बामिलेके लोकांतले मानकरी. त्यांचं आसन अखंड लाकडातून कोरलेलं, खाली बिबट्या. मानकऱ्याशिवाय त्यावर कुणी बसायचं नाही. मरताना त्यांनी तोंडी शब्द देऊन मान लेकीला दिला. आज दुपारी चारचौघांत तिनं त्यावर बसायचं, आणि आसनच गायब!

"शेवटचं कधी पाहिलंस?"

"पाहुणे आले तेव्हा होतं. मग बर्फ पडलं, ते थांबलं तेव्हाही होतं."

घराभोवती, दारापासून रस्त्यापर्यंत, बर्फ कोरं होतं. पावलं फक्त क्लॅरिसची.

"घर शोधलंस?"

"काकांची खोली सोडून. थोरल्यांच्या खोलीत कशी शिरू?"

धाकटा भाऊ सर्ज किचनमध्ये भांडी घासत होता. "मान मला हवा होता, खोटं कशाला बोलू? पण या मावश्यांनी सकाळपासून मला हलू दिलंय कुठे?"

मावश्यांनी माना डोलावल्या.

आपल्या खोलीच्या दाराशी क्लॅरिसचे ताल्लाकाका ताठ उभे. "बसा की," बाई म्हणाल्या.

"गुडघे वाकत नाहीत. कोट द्या, आत ठेवतो."

"तुम्ही कशाला? मीच ठेवते." बाई आत शिरल्यासुद्धा.

पलंगावर कोट, खुर्चीवर कोट, जमिनीवरही घडी घातलेले कोट. मधेच निळ्या-पांढऱ्या कापडाखाली काहीतरी बुटकं.

"हे सगळं तुम्ही रचलंत?"

"मीच. इथे दुसरं कुणी येत नाही."

बाईंनी सगळ्यांना आत बोलावलं. "भावजी, दमलात. टेका त्या बुटक्यावर."

शशिकांत वाकले मात्र.

"नको!" काकांनी झेप घेऊन त्यांना काखेत धरून उचललं.

बाई हसल्या. "बर्फावर पावलं नाहीत, म्हणजे आसन घरातच. सर्ज मावश्यांच्या पहाऱ्यात. उरली ही खोली. गुडघे धरलेला माणूस वाकून जमिनीवर कोट ठेवतो आणि हाताशी असलेली बैठक मोकळी सोडतो? का? तर तिच्यावर कोटसुद्धा ठेवायला हात धजत नाही!"

क्लॅरिसनं कापड ओढलं. बिबट्या!

"बाईनं बसायचं यावर?" काका पुटपुटले.

"आसनाचा एवढा मान राखलात, मग त्यावर बसलेल्या भावाच्या शब्दाचा का नाही? लाकडाचा मान होतो, तोंडच्या शब्दाचा नाही, असं कसं?"

मग काकांनी वाकून, दुखऱ्या गुडघ्यांनी, आसन स्वतः उचललं, हॉलच्या मधोमध मांडलं आणि पुतणीला हात दिला.

क्लॅरिस बसली. मावश्यांच्या किलकारीनं घर दणाणलं. सर्ज साबणाच्या हातांनीच टाळ्या पिटत होता.

"वहिनी, आता मी कुठे बसू?"

"तुम्ही? भांडी उरलीत अजून!"